रस नेमका कोणाचा निघाला?

फळांचा रस काढणे हा मानवजातीने फार पूर्वीच निकालात काढलेला प्रश्न आहे, अशी आपली समजूत होती. लिंबू बोटांनी पिळावे, मोसंब्यासाठी ओट्यावरचे हातयंत्र घ्यावे आणि उसासाठी रसवंतीगृहातला घुंगरांचा चरक आहेच. परंतु २०१६ साली अमेरिकेतील कॅलिफोर्नियामध्ये ‘ज्युसेरो’ नावाचे एक यंत्र अवतरले आणि हा प्रश्न किती गहन आहे, हे जगाला प्रथमच उमगले. यंत्राची किंमत होती ६९९ डॉलर, म्हणजे तेव्हाच्या दराने सुमारे ४६ हजार रुपये. आत घालायची ती अख्खी फळे नव्हेत. कंपनीच फळे व भाज्या चिरून एका बंद पिशवीत भरून घरपोच पाठवीत असे. पिशवी यंत्रात अडकवायची आणि बटण दाबायचे. दोन पाटांच्या मध्ये ती पिशवी दाबली जाई आणि खाली ठेवलेल्या पेल्यात रस पडे.

येथवर ठीक होते. पण यंत्र शिकले-सवरलेले होते. पिशवीवरचा क्यूआर कोड ते आधी वाचून घेई, व्हाय-फायवरून मुख्यालयाकडे चौकशी करी आणि पिशवीची मुदत उलटून गेली असल्यास रस काढण्यास स्वच्छ नकार देई. इंटरनेट बंद पडले तर रसही बंद. कनेक्टिव्हिटी गेली म्हणून पासबुक भरून मिळाले नाही, हे वाक्य आमच्या शाखेत ऐकून कंटाळलेल्या ग्राहकांना यात थोडा दिलासा वाटेल. जगात कोठेतरी एका गृहस्थाला त्याच कारणाने गाजराचा रस मिळत नव्हता.

या उपक्रमात नामांकित गुंतवणूकदारांनी सुमारे १२ कोटी डॉलर ओतले होते. रुपयांत सांगायचे तर ७७० कोटींच्या घरात. येथे आमच्यातला कर्ज अधिकारी थोडा अस्वस्थ होतो. मुद्रा योजनेच्या शिशु गटातून ५० हजार रुपये मागणाऱ्या रसवंतीवाल्याकडे आम्ही चरकाचे कोटेशन मागतो, जागेचा करार मागतो, पावसाळ्यात धंदा कसा चालणार तेही विचारतो. मात्र ७७० कोटी देताना ती पिशवी एकदा हातात घेऊन दाबून पाहावी, असे कोणाला सुचले नाही.

ते सुचले पत्रकारांना. एप्रिल २०१७ मध्ये ‘ब्लूमबर्ग’च्या वार्ताहरांनी पिशवी यंत्रात न घालता दोन्ही हातांनी पिळून पाहिली. जवळजवळ तेवढाच रस निघाला, आणि तोही दीड मिनिटात. यंत्राला दोन मिनिटे लागत होती. तोपर्यंत यंत्राची किंमत ३९९ डॉलरवर उतरली होती. आता जगभर हसे झाले. कंपनीने ग्राहकांना पूर्ण पैसे परत देण्याची तयारी दाखवली आणि सप्टेंबर २०१७ मध्ये विक्री थांबवली. यंत्र सुमार होते असे मात्र समजू नये. ते उघडून पाहणाऱ्या अभियंत्यांनी त्याच्या घडणीची तारीफच केली. ॲल्युमिनियमचे जाडजूड भाग, खास बनवून घेतलेली गिअरची रचना, सगळे अगदी चोख. ज्या कामासाठी ते घडवले, त्या कामाला दोन हात पुरेसे होते, इतकीच काय ती अडचण.

हसून झाल्यावर जमाखर्चाकडे वळू. अशा यंत्राचा खरा व्यापार यंत्रात नसतो, पिशवीत असतो. एक पिशवी ५ ते ८ डॉलरला मिळे. घरात रोज एकच पिशवी आणि तीही सर्वांत स्वस्त धरली, तरी वर्षाला १,८२५ डॉलर होतात. म्हणजे ६९९ डॉलरच्या यंत्राच्या अडीचपटीहून अधिक. दाढीचे यंत्र आणि त्याची पाती यांच्यावरून हा हिशेब व्यापारशास्त्रात ओळखला जातो. घरी छपाईयंत्र घेतलेल्यांना तो निराळा समजावून सांगायला नको. शाईच्या दुसऱ्या-तिसऱ्या कार्ट्रिजला तो आपोआप समजतो. नेहमीच्या रीतीत मूळ वस्तू स्वस्त देतात आणि पुढे पूरक वस्तूवर वसुली करतात. ज्युसेरोने ग्राहकाला दोन्हीकडून पिळण्याचा घाट घातला, हे तिचे वेगळेपण.

आपल्याकडे किमतीचे खरे रूप झाकण्याचे काम बहुधा हप्त्यांकडे सोपवले जाते. ‘शून्य टक्के व्याज’ ही पाटी पाहून दुकानात शिरणारे सुशिक्षित लोक थोडे नाहीत. समजा, १२ हजारांचा फोन दरमहा एक हजाराच्या १२ हप्त्यांत ‘बिनव्याजी’ मिळतो आणि तोच फोन रोखीने घेणाऱ्यास एक हजाराची सूट आहे. तर फोनची खरी किंमत ११ हजार झाली आणि उरलेले एक हजार हे व्याजच झाले. घटत्या शिलकीवर त्याचा वार्षिक दर १६ टक्क्यांहून अधिक पडतो. प्रक्रिया शुल्क असल्यास ते आणखी वर. भारतीय रिझर्व्ह बँकेने २०१३ सालीच बँकांना बजावले होते की शून्य टक्के व्याज अशी वस्तूच अस्तित्वात नाही. तरीही हप्त्याने घेऊ नये असे नाही. दुकानदाराला एकच प्रश्न विचारावा, रोखीत किती? त्याच्या उत्तरात व्याजदर सापडतो.

फुकट मिळालेल्या यंत्राचीही एक कथा आहे आणि ती आम्हांला या सर्वांत अधिक उद्बोधक वाटते. २००० साली अमेरिकेत ‘क्यूकॅट’ नावाचे मांजराच्या आकाराचे एक यंत्र लाखोंच्या संख्येने फुकट वाटले गेले. मासिकांच्या वर्गणीदारांना ते चक्क टपालाने घरी येई. मासिकातल्या जाहिरातीखाली छापलेल्या पट्ट्यांवरून हे मांजर फिरवले की संगणकावर त्या मालाचे संकेतस्थळ उघडायचे. त्यासाठी मांजराची शेपटी, अर्थात वायर, संगणकाला जोडलेली असावी लागे. म्हणजे आरामखुर्चीत मासिक वाचणाऱ्या माणसाने उठावे, संगणक सुरू करावा, मांजर हाती घ्यावे आणि मग जाहिरात पाहावी. जाहिरात पाहण्यासाठी एवढे कष्ट घेणारा वाचक कोठल्याही देशात आढळलेला नाही.

शिवाय प्रत्येक मांजराला स्वतःचा क्रमांक होता, त्यामुळे कोणत्या घरात कोणती जाहिरात वाचली जाते, याचा माग काढणे शक्य होते. फुकटाचा मोबदला तो होता. त्याच वर्षी कंपनीच्या सुमारे १ लाख ४० हजार ग्राहकांची माहिती सुरक्षेतील त्रुटीमुळे उघडी पडली. काही कल्पक मंडळींनी मांजराला निराळे शिक्षण देऊन घरातल्या पुस्तकांची यादी करण्याच्या कामी लावले, तेव्हा कंपनीने त्यांना कायदेशीर नोटिसा धाडल्या. २००५ मध्ये उरलेली सुमारे २० लाख मांजरे ३० सेंटला एक या भावाने विक्रीस निघाली.

आणि तरीही कल्पना चुकीची नव्हती. छापील खुणेवर यंत्र धरावे आणि पुढचा व्यवहार व्हावा, हेच आज आपण भाजीवाल्याच्या हातगाडीपाशी उभे राहून करतो. चौकोनी क्यूआर कोड जपानमध्ये मोटारींच्या सुट्या भागांची नोंद ठेवण्यासाठी १९९४ सालीच तयार झाला होता. मग प्रत्येकाच्या खिशात कॅमेऱ्याचा फोन आला, आणि २०१६ मध्ये यूपीआय आले. मांजराची शेपटी तुटली आणि काम सुरळीत झाले. आमच्या शाखेत पैसे काढण्याच्या पावतीवर सही करताना आजही हात कापणारे एक वृद्ध खातेदार भाजीचे २३ रुपये फोनवरून देताना मुळीच अडखळत नाहीत, हे आम्ही पाहिले आहे.

स्वस्ताईचा विक्रम मात्र आपल्या देशाच्या नावावर आहे. फेब्रुवारी २०१६ मध्ये नोएडाच्या एका कंपनीने ‘फ्रीडम २५१’ हा स्मार्टफोन अवघ्या २५१ रुपयांत जाहीर केला. पोहोचवणावळ ४० रुपये वेगळी. नोंदणीसाठी अशी झुंबड उडाली की संकेतस्थळ कोसळले. असा फोन बनवण्यास दोन हजारांहून अधिक खर्च येईल, असे उद्योगातील जाणकार सांगत राहिले, पण ते ऐकण्याच्या मनःस्थितीत कोणी नव्हते. मग नमुन्यादाखल पत्रकारांना दिलेल्या फोनवर दुसऱ्याच कंपनीचे नाव पांढऱ्या रंगाने झाकलेले निघाले. एखाद्या गहाणखतावर असा पांढरा रंग दिसला, तर शाखेतला शिपाईसुद्धा साहेबांना हाक मारील! प्रत्येकाचे नुकसान जेमतेम शेकड्यात असल्याने फार मोठा आक्रोश झाला नाही. पण ज्या किमतीत वस्तू तयारच होऊ शकत नाही, त्या किमतीत ती कशी विकली जाते, हा प्रश्न दीडपट व्याज देणाऱ्या ठेवयोजनांनाही लागू पडतो. तेथे मात्र माणसे निवृत्तीची सगळी पुंजी ठेवून बसतात.

पैसे कधी गेले हेच कळू नये, अशीही एक यंत्रजात होऊन गेली. ‘ॲमेझॉन’ने मार्च २०१५ च्या अखेरच्या दिवशी ‘डॅश’ नावाचे एक बटण जाहीर केले. तारीख पाहून पुष्कळांनी तो एक एप्रिलचा विनोद समजला. कपडे धुण्याच्या यंत्रावर हे बटण चिकटवून ठेवायचे आणि साबण संपत आला की दाबायचे. माल घरी येई, पैसे आपोआप वळते होत. बटणावर किंमत दिसत नसे. याच मुद्द्यावर जानेवारी २०१९ मध्ये जर्मनीतील म्युनिकच्या न्यायालयाने हे बटण ग्राहक कायद्याच्या विरुद्ध ठरवले, आणि त्याच वर्षी कंपनीने बटणाची विक्री बंद केली. आपल्याकडे कार्डावरून वारंवार वळत्या होणाऱ्या रकमांसाठी १ ऑक्टोबर २०२१ पासून नवे नियम लागू झाले, तेव्हा ग्राहकांनी आमच्यावर बराच राग काढला. रक्कम वळती होण्याच्या किमान २४ तास आधी सूचना येते, तीत रक्कम दिसते आणि तो व्यवहार नाकारता येतो, हे त्या रागात नजरेआड झाले. ती सूचना जाहिरात समजून पुसून टाकू नये, एवढी विनंती.

आता शेवटचा आणि थोडा गंभीर प्रकार. वस्तू पूर्ण पैसे देऊन विकत घेतली, ती बिघडलेली नाही, आणि तरी एके दिवशी ती निर्जीव होते. घरातले दिवे व कुलुपे चालवणारे ‘रिव्हॉल्व्ह’ नावाचे ३०० डॉलरचे यंत्र आजीवन सेवेच्या आश्वासनासह विकले गेले. २०१४ मध्ये ती कंपनी दुसऱ्या कंपनीने घेतली आणि १५ मे २०१६ रोजी सेवा बंद झाली. आजीवन याचा अर्थ ग्राहकाचे जीवन असा नव्हता. २०२४ साली आलेली ‘ह्युमेन’ कंपनीची छातीवर लावायची बोलकी पिन तर ६९९ डॉलरची, वर दरमहा २४ डॉलर वर्गणी. पुढल्या फेब्रुवारीत कंपनीची मालमत्ता ‘एचपी’ने ११.६ कोटी डॉलरला घ्यायचे ठरवले आणि २८ फेब्रुवारी २०२५ रोजी पिन मुकी झाली. ज्यांना ती मिळून ९० दिवस उलटून गेले होते, त्यांना परतावा नव्हता. इंटरनेटशिवाय चालणाऱ्या काही गोष्टी पुढेही चालू राहतील, असे कंपनीने कळवले. उदाहरणादाखल दिलेली गोष्ट होती, बॅटरी किती उरली आहे ते दाखवणे.

जमाखर्चाच्या पुस्तकात यंत्रावर दरवर्षी घसारा लावतात, आणि तो हळूहळू पडतो. एका रात्रीत शंभर टक्के घसारा पडणारी ही नवी मालमत्ता कोणत्या सदरात मांडावी, हे आम्हांला एम.कॉम.ला शिकवले नव्हते. म्हणून अशी वस्तू घेताना वॉरंटी कार्डाबरोबर आणखी एक गोष्ट पाहावी. कंपनीची सेवा बंद झाली तर वस्तू काय काय करू शकेल, हे खोक्यावर नाही तरी अटींमध्ये कोठेतरी बारीक अक्षरात असते. आणि वस्तू अडगळीत टाकली म्हणून कार्डावर दिलेली वर्गणीची अनुमती आपोआप रद्द होत नाही. ती बँकेच्या ॲपमधून किंवा शाखेत येऊन केव्हाही मागे घेता येते. त्यासाठी ग्राहकाकडून काहीही आकार घेतला जात नाही.