नदी लहान, काठी केवढी?

भंडारा जिल्ह्यात साकोलीकडच्या एखाद्या ओढ्यावर गळ टाकायला निघालं, तर काठी आखूड घ्यावी असं कोणालाही वाटेल. पात्र दहा-पंधरा हातांचं, दोन्ही काठांना करंज आणि जांभळी, त्यांच्या पायथ्याशी बेशरमचं रान. तिथे बारा फुटी बांबू नेऊन करायचं काय? प्रत्यक्षात चुलबंद नदीच्या काठाने किंवा गावतलावाच्या पाळीवर गळ घेऊन बसलेल्या माणसाजवळची काठी त्याच्या उंचीच्या जवळपास दुप्पट असते. पोटापाण्यासाठी ढिवरांचं जाळंच. गळ हा संध्याकाळच्या कालवणापुरता उद्योग. पण त्या काठीच्या लांबीत जे भौतिकशास्त्र दडलंय ते पाहिलं की थक्क व्हायला होतं.

सुरुवात माशाच्या डोळ्यापासून करू. पाण्यात शिरताना प्रकाश वाकतो, त्यामुळे पाण्याखालून वर पाहणाऱ्या माशाला बाहेरचं अख्खं जग एका गोल झरोक्यात सामावलेलं दिसतं. मासा एक फूट खोल असेल, तर झरोक्याचा व्यास जेमतेम सव्वादोन फूट. त्यातच आभाळ, त्यातच जांभळीची फांदी, त्यातच काठावर आलेली गाय आणि तुम्ही. झरोक्याबाहेर पाण्याचा पृष्ठभाग म्हणजे नुसता आरसा. त्यात नदीचा तळ उलटा दिसतो. मासा खोल गेला की झरोका त्याच प्रमाणात मोठा होतो, पण कोन तोच राहतो, सुमारे ९७ अंशांचा.

खरी गंमत झरोक्याच्या कडेला आहे. पाण्याच्या पातळीपासून वर १० अंशांपर्यंत जे काही आहे, ते सगळं झरोक्याच्या त्रिज्येच्या शेवटच्या तीन टक्क्यांत चेपून बसतं. म्हणजे दिसूनही न दिसल्यासारखंच. उकिडवं बसलेल्या माणसाचं डोकं पाण्यापासून तीन फूट उंच धरलं, तर सतरा फुटांपलीकडे गेला की तो या चेपलेल्या पट्टीत लपतो. बारा फुटी काठी आणि तेवढीच दोरी असली की सतरा फूट सहज गाठता येतात. सहा फुटी काठी नि सहा फुटी दोरी घेऊन ते जमणार नाही. पुढे सरकावं लागेल आणि मासा कधीच निसटलेला असेल. नदी जितकी लहान नि पाणी जितकं नितळ, तितकं हे अंतर मोलाचं.

दुसरं कारण प्रवाहाचं. ओढा रुंदीला कितीही लहान असला तरी त्यातलं सगळं पाणी एका वेगाने वाहत नाही. काठाशी आणि तळाशी घर्षणाने ते रेंगाळतं, मधल्या धारेत पळतं. पलीकडच्या दगडामागच्या संथ पाण्यात आमिष टाकलं आणि दोरी मधल्या धारेवर पडली, की धार दोरीला ओढते, दोरी आमिषाला, आणि गांडूळ पाण्यात असं पळायला लागतं जसं कोणतंही गांडूळ पळत नाही. माशाला एवढा इशारा पुरतो. लांब काठी ४५ अंशांत वर धरली, तर बारा फुटीचं टोक हातापासून साडेआठ फूट पुढे आणि साडेआठ फूट वर असतं. दोरी धारेवरून अधांतरी जाते. सात फुटीचं टोक पाच फुटांवरच थांबतं.

म्हणून माझं मत असं: काठीची लांबी नदीच्या रुंदीवरून ठरवूच नये. डोक्यावर फांदी किती खाली आहे आणि दोरी पाण्यापासून किती वर ठेवायची आहे, या दोनच गोष्टी पाहाव्यात.

मग विलायती फ्लाय रॉडवाले लहान ओढ्यावर सहा-साडेसात फुटांची आखूड काठी का नेतात? कारण त्यांची फेकच वेगळी. पिसांच्या खोट्या माशीला वजन नसतं, त्यामुळे जाड दोरीच्या वजनावर ती फेकायची. त्यासाठी दोरी आधी मागे उडवावी लागते. मागे झाड असलं की संपलं. आखूड काठी फांद्यांखालून आडवी फिरवता येते. मोकळ्या पाण्यावर हीच मंडळी नऊ फुटी वापरतात. जपानी डोंगरओढ्यांवरच्या तेनकारा पद्धतीत मात्र रीळ नाही, दोरी थेट टोकाला बांधलेली, आणि काठी अकरा ते तेरा फुटांची. म्हणजे भंडाऱ्याच्या बांबूची सख्खी बहीणच. इसवी सन २०० च्या सुमारास एलियन या लेखकाने मॅसिडोनियातल्या एका नदीवर लाल लोकर आणि कोंबड्याची पिसं गुंडाळलेल्या गळाचं वर्णन केलंय: काठी सहा फूट, दोरीही सहा फूट. आपल्याकडे बाराव्या शतकात कल्याणीच्या चालुक्य राजा सोमेश्वराने ‘मानसोल्लासा’त ‘मत्स्यविनोद’ असं स्वतंत्र प्रकरणच घातलं. राजालाही गळाचा नाद होता तर!

लांबी फुकट मात्र मिळत नाही. सारख्याच जाडीची काठी दुप्पट लांब केली, तर टोकाला टांगलेल्या त्याच वजनाने ती आठपट वाकते. स्वतःच्या भाराने सोळापट लवते. आणि एकदा हलली की एक हेलकावा पुरा व्हायला चौपट वेळ घेते. त्यात तरफेचा हिशोब चक्क माशाच्या बाजूने: बारा फुटांच्या टोकाशी एक किलोची ओढ मनगटाला सहा फुटीच्या दुप्पट जाणवते. काठी आपल्याला बळ देते हा निव्वळ गैरसमज. ती वाकते, ओढीचा झटका स्वतःत जिरवते आणि बारीक दोरी तुटू देत नाही, एवढंच तिचं काम. पण ते फार मोठं काम आहे.

हे सगळं सांभाळायला लागणारी वस्तू इथल्या जंगलात आपोआप उगवते. मानवेल बांबू बुडाशी जाड, शेंड्याला निमुळता. वाकण्याचा ताण बुडाशी सर्वाधिक, म्हणून जाडीही तिथेच. कोरड्या टेकड्यांवरचा मानवेल तर जवळजवळ भरीव निघतो. पेर कापून हाताशी धरलं की दिसतं: आतला भाग फिकट, सैल, आणि सालीकडे जावं तसे धाग्यांचे काळपट ठिपके दाटत जातात. वाकताना सर्वांत जास्त ताण सोसतो तो बाहेरचा थर. झाडाने आपलं बळ नेमकं तिथे ठेवलंय.

एकोणिसाव्या शतकात अमेरिकेतल्या कारागिरांनी हेच हेरलं. पेन्सिल्व्हेनियातल्या ईस्टन गावचा सॅम्युएल फिलिप बांबू उभा चिरून, सालीकडच्या पट्ट्या तासून त्या एकत्र चिकटवू लागला. पुढे मेन राज्यातल्या हायरम लेनर्डने सहा पट्ट्यांची षट्कोनी काठी लोकप्रिय केली. चीनमधल्या टोंकिन बांबूने जागा घेईपर्यंत या काठ्यांसाठी ‘कलकत्ता केन’ जात असे, आणि तो सर्वसाधारणपणे मानवेलच मानला जातो. ज्या जातीच्या बांबूपासून बुरड सूप-टोपल्या विणतात, त्याच जातीवर पट्ट्या चिकटवलेल्या सुरुवातीच्या फ्लाय रॉड उभ्या राहिल्या.

आता तुम्हाला काठी निवडायचीच असेल तर: फांद्या वर आणि डोह मोकळा असेल तिथे दहा ते बारा फूट. फांद्या डोक्याला लागत असतील तर सात-आठ फूट, आणि दोरी काठीपेक्षा आखूड, नाहीतर ती सोडवण्यातच संध्याकाळ जाते. बांबू पावसाळ्यानंतर थंडीत तोडलेला घ्यावा. तेव्हा त्यात पिठूळ अंश कमी असतो, भुंगा कमी लागतो. वाकडं पेर जाळावर शेकून सरळ होतं.

बाजारात आता एकात एक सरकणाऱ्या कार्बनच्या काठ्या मिळतात. बारा फूट लांब, तरी हाताला जाणवतही नाहीत. मला त्या आवडतात. पण कार्बनमधून वीज वाहते. शेतातल्या पंपांच्या तारा नाल्यांवरून बऱ्याचदा लोंबत्या गेलेल्या असतात आणि पूर्व विदर्भात विजाही काही कमी पडत नाहीत. ओला बांबूही अशा वेळी भरवशाचा नाही. तारेखालून जाताना काठी मिटून आडवी धरावी, आणि पश्चिमेला गडगडलं की घरी निघावं.