न्यूट्रलमधली गाडी

पंचनाम्याच्या पाठीमागे : भाग ७

मागच्या भागात आपण 'मर्ग' या शब्दापाशी थांबलो होतो. पुण्या-मुंबईकडचे पोलीस 'एडी' म्हणतात. आपल्याकडे विदर्भात मात्र ठाण्यात 'मर्ग दाखल' हाच शब्द चालतो. मृत्यू कशामुळे झाला हे अजून ठरायचंय, एवढाच त्याचा अर्थ. ठाण्यात हे ठरायला महिने लागतात. पानठेल्यावर त्याच संध्याकाळी निकाल लागलेला असतो.

आजचा विषय अशाच एका निकालाचा. माणूस बेपत्ता होतो. घरचे ठाण्यात जाऊन हरवल्याची नोंद करतात. चार दिवसांनी, कधी चार महिन्यांनी त्याची गाडी सापडते, कालव्यात नाहीतर पाणी भरलेल्या एखाद्या खदानीत. आणि गाडीत तो. मग ज्याच्या-त्याच्या तोंडी एकच : "अपघात कसला, काहीतरी भानगड आहे."

या बोलण्याला हसण्याचा अधिकार निदान नागपूरकरांना तरी नाही. २२ मे २०२४ रोजी मानेवाडा भागात ८२ वर्षांच्या एका गृहस्थांना कारने उडवलं. प्रकरण आधी साध्या अपघाताचं म्हणून नोंदलं गेलं. नातेवाइकांना मात्र ते पटेना. त्यांनी शंका लावून धरली, तपास पुन्हा झाला आणि पोलिसांनी खुनाचा आरोप ठेवला : मालमत्तेसाठी घरातल्याच एका सरकारी अधिकारी सुनेने सुपारी दिली असा. हा आरोप आहे, कोर्टाचा निकाल नव्हे. पण शंका घेणारे कोणी नसते, तर तो तपास झालाच नसता हेही खरं.

मानेवाड्यात माणूस आधी गेला आणि शंका नंतर आली. बेपत्ता माणसाच्या बाबतीत हा क्रम उलटा होतो, आणि सगळी गडबड तिथेच होते. तो सापडण्याआधीच गोष्ट रचून झालेली असते. कोणाकडून पैसे घेतले होते, बायकोशी पटत नव्हतं, शेवटचा फोन कोणाला केला, हे सगळं मोहल्ल्याला पाठ असतं. नंतर गाडी मिळते तेव्हा तिच्यावर जे जे दिसतं ते त्या तयार गोष्टीत कोंबायचं, एवढंच उरतं.

ही सवय काही आपलीच नाही. ३ डिसेंबर १९२६ च्या रात्री अगाथा ख्रिस्ती घरातून निघाल्या आणि दुसऱ्या दिवशी त्यांची मॉरिस कार सरे परगण्यात न्यूलँड्स कॉर्नरच्या उतारावर रिकामी सापडली. आत फरचा कोट तसाच. हजारावर पोलीस कामाला लागले, जवळचं तळं धुंडाळलं गेलं, नवऱ्याकडे बोटं दाखवली गेली. शेरलॉक होम्सचे जनक आर्थर कॉनन डॉयल यांनी तर त्यांचा हातमोजा अंगात येणाऱ्या माणसाकडे नेऊन दिला! अकरा दिवसांनी बाई हॅरोगेटच्या हॉटेलात दुसऱ्याच नावाने मुक्कामाला असलेल्या मिळाल्या, ठणठणीत.

उलट टोकाचं उदाहरण अमेरिकेतल्या ओक्लाहोमाचं. १९६९ साली एका गाडीतून निघालेले तिघे बेपत्ता झाले आणि १९७० साली दुसऱ्या गाडीतून निघालेली तीन तरुण मुलं. चाळीस वर्षांवर तर्क चालले. सप्टेंबर २०१३ मध्ये महामार्ग पोलीस फॉस नावाच्या तलावात नवं सोनार यंत्र तपासून पाहत होते. गाळात दोन गाड्या दिसल्या, अगदी शेजारी-शेजारी. दोन्हींत तीन-तीन माणसांचे सांगाडे. पाणी बारा-एक फूट, आणि जागा काठाजवळ, जिथून बोटी उतरवतात तिथेच. दोन्ही प्रकरणांत निष्कर्ष निघाला : अपघाताने बुडून मृत्यू.

एवढ्या उथळ पाण्यात चार दशकं त्या गाड्या कोणाला कशा दिसल्या नाहीत? गाडी पाण्यात पडली की लगेच बुडत नाही. मिनिटभर, कधी थोडी जास्त तरंगते. इंजिनकडची बाजू जड म्हणून नाक खाली घालत जाते. तेवढ्यात प्रवाह असेल तर पुढे सरकते. म्हणून कठडा तुटलेल्या जागेच्या बरोबर खाली गळ टाकून उपयोग होत नाही. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळ सावित्री नदीवरचा जुना पूल वाहून गेला तेव्हा दोन एसटी बस आणि इतर वाहनं पाण्यात गेली. नौदलाचे पाणबुडे आले, एनडीआरएफ आलं, दोरीला अवजड लोहचुंबक बांधून पात्रात फिरवलं. तरी पहिली बस हाती लागायला आठवडा उलटला, आणि तीही पुलापासून काही शे मीटरवरच होती. मृतदेह मात्र पार आंजर्ल्याच्या किनाऱ्यापर्यंत गेलेले. आणि काचा बंद असलेल्या गाडीतलं शरीर तर वर येतच नाही. "तळ्यात असता तर एव्हाना वर आला असता," हे ठाम वाक्य गाडीला लागूच पडत नाही.

आता गाडी मिळाल्यानंतरचा अर्धा तास. मला विचाराल तर सगळं त्यातच आहे.

काठावर शे-दोनशे माणसं जमलेली, मोबाइल वर धरलेले. क्रेनवाला हुक लावतो. गाडी गिअरमध्ये असेल तर चाकं अडतात, ओढली जात नाही. म्हणून कोणीतरी भला माणूस फुटलेल्या काचेतून हात घालून गिअर न्यूट्रलला टाकतो, हँडब्रेक सोडतो. गाडी वर येते. पंचनाम्यात लिहिलं जातं : 'वाहन न्यूट्रलमध्ये आढळले.' दुसऱ्या दिवशी गावभर : न्यूट्रलमध्ये होती म्हणजे मागून ढकलली! पंचनामा खोटा नाही. फक्त तो अर्ध्या तासाने उशिरा लिहिला गेला.

गाडी ओढण्याआधी पाण्यातच पाहून ठेवायच्या गोष्टी फार नाहीत. गिअर कुठे आहे, किल्ली किती फिरलेली आहे, काचा किती खाली आहेत, पट्टा लावलेला आहे का. आणि ड्रायव्हरची सीट. सहा फुटी माणसाची सीट पुढे सरकवलेली असेल तर शेवटी गाडी दुसऱ्याने चालवली का, हा प्रश्न विचारावाच लागतो. पट्ट्याचा वळ खांद्यावर उमटतो, आणि तो उजव्या खांद्यावर आहे की डाव्या, यावरून माणूस कुठल्या सीटवर होता ते कळतं. जोरात ब्रेक दाबलेला असेल तर पॅडलच्या रबराची नक्षी कधीकधी बुटाच्या तळव्यावर उमटलेली मिळते.

हेडलाइटचा बल्ब तर मला सगळ्यांत आवडतो. जुन्या पद्धतीच्या बल्बमधली तार पेटलेली असताना लाल-पांढरी आणि मऊ असते. धडक बसली की ती ताणली जाते, वेडीवाकडी होते. बंद असेल तर थंड तार नुसती तुटते, कडकन. रात्रीचा अपघात म्हणून दाखवलेल्या गाडीची तार थंड तुटलेली निघाली, तर अंधारात दिवे न लावता गाडी कोण आणि का चालवत होतं, याचं उत्तर शोधावं लागतं. एलईडी दिव्यांनी ही सोय काढून घेतली, ती गोष्ट वेगळी.

डॉक्टरांकडे आणखी एक खूण असते : डायटम. पाण्यातली ही सूक्ष्म शेवाळं, कवच वाळूच्याच जातीचं. जिवंत माणूस बुडताना पाणी आत ओढतो, हृदय चालू असतं म्हणून ती रक्तातून हाडांच्या मज्जेपर्यंत पोचू शकतात. आधीच मेलेल्याला पाण्यात टाकलं तर तिथवर सहसा पोचत नाहीत. चाचणी पुरती बिनचूक नाही, कोर्टात एवढ्यावर कोणी फाशी जात नाही. पण नागपूरच्या मेडिकल किंवा मेयो रुग्णालयातल्या शवविच्छेदनातून असे नमुने धंतोलीच्या न्यायवैद्यक प्रयोगशाळेत जातात आणि अहवालाची वाट पाहत फाइल पडून राहते.

कधी कधी मात्र एवढ्या बारकाव्याची गरजच पडत नाही. पालघरचे शिवसेना पदाधिकारी अशोक धोडी २० जानेवारी २०२५ पासून बेपत्ता होते. ३१ तारखेला गुजरात हद्दीत भिलाडजवळच्या पाणी भरलेल्या खदानीत त्यांची गाडी मिळाली. ते डिकीत होते. डिकीत बसून कोणी गाडी चालवत नाही.

मधल्या काळात घरच्यांचं काय होतं, हे पानठेल्यावर कोणी बोलत नाही. सज्ञान माणूस हरवला तर पोलीस नोंद घेतात. चोवीस तास थांबा असा नियम कुठल्याच कायद्यात नाही, कोणी सांगितला तर ऐकू नका. मृतदेह मिळालाच नाही तर कायदा त्याला मृत मानायला सात वर्षं घेतो, भारतीय साक्ष्य अधिनियमाचं कलम १११. मिळाला, तर पुढची पायरी विम्याची. गाडीच्या पॉलिसीत मालक-चालकाला सहसा १५ लाखांचं वैयक्तिक अपघात संरक्षण असतं. अपघात असेल तर. स्वतःहून गाडी पाण्यात घातली असं ठरलं तर त्यातला रुपया मिळत नाही. "कर्जबाजारी होता हो, त्याने मुद्दामच घातली असेल," हे वाक्य चहा पिता पिता कोणी टाकतं, तेच कधी जबाबात जातं आणि जबाबातून कंपनीच्या वकिलाकडे.

मग त्याची बायको विमा कंपनीच्या काउंटरवर उभी असते. हातात मृत्यूचा दाखला, मर्गची प्रत, पंचनाम्याची झेरॉक्स. पलीकडचा माणूस कागद उलटून पाहतो, शवविच्छेदनाच्या अहवालातल्या शेवटच्या ओळीवर बोट ठेवतो : 'मृत्यूचे कारण राखून ठेवले आहे.' म्हणतो, व्हिसेऱ्याचा रिपोर्ट आला की या.

(पुढील भागात : व्हिसेरा राखून ठेवला म्हणजे नेमकं काय ठेवलं?)