हँडगार्ड (रायफल)

हँडगार्ड हे रायफलीच्या नळीभोवतीचे आवरण होय. लागोपाठच्या गोळीबाराने नळी तापते. नेमबाजाच्या पुढच्या हाताला चटका बसू नये, हा त्याचा मूळ हेतू. ली-एनफिल्डसारख्या जुन्या रायफलींत ते लाकडी असे. दमट हवेत लाकूड फुगले की नळीवर दाब येऊन नेम ढळे. त्यामुळे ते बसवणे हे मुरलेल्या कारागिराचेच काम.

आधुनिक रायफलींत आवरण पुष्कळदा नळीला न टेकवता रिसीव्हरच्या, म्हणजे नळी व खटक्याची यंत्रणा धरणाऱ्या सांगाड्याच्या, बाजूने पक्के करतात. मोकळ्या नळीचे कंपन दर वेळी बव्हंशी सारखे राहते. क्रीडा-नेमबाजीत याचे मोल विशेष आहे: ५० मीटर रायफल प्रकारात दहा गुणांचे वर्तुळ अवघे १०.४ मिमी व्यासाचे असते. याच अंतरावरील तीन स्थितींच्या स्पर्धेत कोल्हापूर जिल्ह्यातील स्वप्नील कुसाळे यांनी २०२४च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये कांस्यपदक मिळवले.

परके आवरण बसावे म्हणून रिसीव्हर घासणे वा कोरणे मात्र घातक ठरू शकते, कारण ली-एनफिल्डसारख्या रचनेत गोळी सुटतानाचा ताण रिसीव्हरच सोसतो. भारतात शस्त्र अधिनियम, १९५९ नुसार बंदुकीचे सुटे भागही शस्त्रांतच मोडतात आणि व्यवसाय म्हणून दुरुस्ती वा रूपांतर करण्यास स्वतंत्र परवाना लागतो. पीकरक्षणासाठी बंदूक बाळगणाऱ्या आसेगावच्या (जि. वाशीम) शेतकऱ्यानेही असे काम गावच्या लोहाराकडे न देता परवानाधारक बंदूक-कारागिराकडेच न्यावयाचे असते.