नस उघडली, तरी धोका का उरतो? साखरेचा आजार असलेल्या घरांसाठी



“डॉक्टरांनी बंद पडलेली नस उघडली, स्टेंट टाकला, मग आता हृदय कमजोर झालं असं का सांगतात?” शुगर असलेल्या माणसाला ॲटॅक येऊन गेला की घरात हा प्रश्न हमखास निघतो. उपचारातच काही चुकलं का, अशीही शंका येते. बहुतेक वेळा तसं नसतं. रक्त थांबल्यामुळे इजा होते हे आपल्याला माहीत आहे. पण थांबलेलं रक्त परत सुरू होतानाही थोडी इजा होते, आणि शुगरच्या पेशंटला ती जास्त भोवते. याला डॉक्टर ‘रीपरफ्यूजन इंज्युरी’ म्हणतात. आपण तिला ‘परत आलेल्या रक्ताची इजा’ म्हणू.

पाळीच्या पाण्यासारखं

कळस काय, इंदापूर-बारामती काय, पाटाच्या पाण्याची पाळी लांबली की काय होतं हे आपल्याला कुणी सांगायला नको. पीक सुकतं, रानाला भेगा पडतात, चारीत गवत माजतं, कडा भुसभुशीत होतात. अशा चारीत एकदम मोठं पाणी सुटलं तर कुठे कड फुटते, कुठे माती वाहून जाते, आणि शेवटच्या सरीपर्यंत पाणी पोचतच नाही. म्हणून पाणी नको होतं का? हवंच होतं. पाण्याशिवाय सगळंच पीक गेलं असतं.

शरीरातही तसंच होतं. रक्त थांबलं की पेशींना प्राणवायू मिळत नाही आणि आत आम्ल साठतं. रक्त परत आलं की पहिल्या काही मिनिटांतच प्राणवायूचा लोंढा येतो. थकलेल्या पेशींना तो पेलत नाही. त्यातून ‘फ्री रॅडिकल्स’ नावाचे घातक कण तयार होतात, पेशीत कॅल्शियम भरतं, पेशी सुजतात. रक्तातल्या पांढऱ्या पेशी धावून येतात आणि सूज वाढते. मोठी नस मोकळी झाली तरी केसासारख्या बारीक नसा तुंबलेल्या राहतात. हे हृदयात होतं, तसंच मेंदू, किडनी आणि पायातही होऊ शकतं.

एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवा. नस उघडणं हाच खरा उपचार आहे. रक्त बंद राहिल्याने होणारं नुकसान याहून कितीतरी मोठं असतं. तेव्हा ही माहिती वाचून कुणी अँजिओप्लास्टीला नाही म्हणू नये.

शुगर असली की जास्त का?

साखर बरीच वर्षं वाढलेली राहिली की नसांचं आतलं अस्तर खराब होतं आणि बारीक नसा अरुंद होतात. घातक कणांना आवरण्याची पेशींची ताकदही कमी होते. म्हणजे चारीची कड आधीच कच्ची झालेली असते.

दुसरी अडचण म्हणजे मज्जातंतू बधिर होतात, त्यामुळे ॲटॅक आला तरी छातीत कळ येईलच असं नाही. दम लागतो, दरदरून घाम येतो, मळमळतं, जबडा, पाठ किंवा हात दुखतो, एकाएकी गळून गेल्यासारखं होतं. आपण म्हणतो, “पित्त झालं असेल,” आणि घरीच पडून राहतो. तोवर वेळ निघून जातो. रक्त जितका वेळ बंद, तितकं नुकसान जास्त.

आणि “मी बारीक आहे, मला कशाची शुगर?” असं म्हणू नका. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांत आई आणि बाळांचा अभ्यास केला. आपली बाळं वजनाने कमी असली तरी त्यांच्या अंगात चरबीचं प्रमाण जास्त, असं त्यात दिसलं. वरून सडपातळ दिसणाऱ्या बाईलाही शुगर होऊ शकते.

औषध निघालंय का?

१९८६ साली अमेरिकेत कुत्र्यांवर एक प्रयोग झाला. हृदयाचं रक्त आधी पाच-पाच मिनिटं चार वेळा थांबवून सोडलं. नंतर ते ४० मिनिटं बंद ठेवलं, तेव्हा नुकसान नेहमीच्या साधारण चौथाईवर आलं. जणू हृदयाला सराव झाला होता. त्यावरून दंडाला बीपीचा पट्टा आवळून-सोडून माणसांवरही प्रयोग झाले. पण २०१९ मध्ये युरोपातल्या पाच हजारांहून जास्त हार्ट ॲटॅकच्या पेशंटच्या अभ्यासात त्याचा फायदा दिसला नाही. ही इजा टाळायची खात्रीची गोळी अजून नाही. म्हणून कुणी सांगितलं तरी हातापायाला दोरी आवळू नका आणि ‘नस मोकळी करणाऱ्या’ काढ्याच्या भरवशावर बसू नका.

आपल्या हातात काय आहे?

१. वरची लक्षणं दिसली की लगेच १०८ ला फोन करा. ईसीजी लवकर निघाला पाहिजे. तोंड वाकडं होणं, एक हात लुळा पडणं, बोबडी वळणं ही मेंदूच्या झटक्याची लक्षणं. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच देतात, म्हणून त्रास किती वाजता सुरू झाला ते लिहून ठेवा.

२. दर तीन महिन्यांनी एचबीए१सी तपासा. मागच्या तीन महिन्यांची सरासरी साखर त्यात कळते. बऱ्याच जणांना ती ७ च्या आत ठेवायला सांगतात, तुमचा आकडा डॉक्टरांना विचारा. बीपी आणि कोलेस्टेरॉलही बघा. बरं वाटलं म्हणून गोळी बंद करू नका. मिसरी-तंबाखू सोडा.

३. किडनी जपा. जुलाब-उलट्यांत किंवा उन्हात काम करून अंगातलं पाणी कमी झालं की किडनीचं रक्त घटतं. अशा वेळी दुकानातून अंगदुखीच्या गोळ्या आणून खाऊ नका. शुगर-बीपीच्या कोणत्या गोळ्या थांबवायच्या, ते डॉक्टरांना फोन करून विचारा.

४. रोज रात्री पाय बघा. जखम, काळेपणा, गार पडलेला पाय दिसला तर थांबू नका.

५. कोणत्याही ऑपरेशनआधी शुगर आहे हे सांगा, चालू गोळ्यांची चिठ्ठी दाखवा.

पुढच्या बैठकीत

तिशीच्या पुढच्या किती जणींची तपासणी झाली, ते विचारा. राहिलेल्यांनी आशाताईंबरोबर उपकेंद्रात जावं. शुगर असलेल्या प्रत्येकीच्या घरी आधार, रेशनकार्ड आणि जुने रिपोर्ट एका पिशवीत तयार असू द्या. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत अँजिओप्लास्टी बसते, पण ऐनवेळी कागद सापडत नाहीत. रात्री-अपरात्री गाडी कुणाची आणि दवाखान्यासाठी अंतर्गत कर्ज त्याच दिवशी कसं द्यायचं, याचा ठराव आजच करून ठेवा. पैशाची जुळवाजुळव करण्यात जाणारा तासही रक्त बंद असल्याचाच तास असतो.