तेजी, मंदी आणि धीर

बाजार म्हटला की तेजी आली, आणि तिच्यामागून मंदीही आलीच. बुलढाणा जिल्ह्यातील माणसाला हे नव्याने सांगावयास नको. २०२१ च्या ऑगस्टात सोयाबीनचा भाव क्विंटलला १० हजार रुपयांवर गेला होता. २०२४ च्या हंगामात तेच सोयाबीन अनेक बाजारांत ४,८९२ रुपयांच्या हमीभावालाही विकले जाईना. भाव चढला की सगळेच तेच पीक पेरतात, आवक वाढते, आणि त्या आवकेनेच भाव पडतो. हे ज्याला पाठ आहे, तोच माणूस साठवलेला पैसा गुंतवावयास निघाला म्हणजे चढता भाव कायमचा मानतो. असे का व्हावे? आपल्याच घरच्या एका जुन्या उदाहरणावरून पाहू.

१८६१ साली अमेरिकेत यादवी युद्ध पेटले. तेथील दक्षिणेच्या बंदरांची नाकेबंदी झाली व लँकेशायरच्या गिरण्यांना कापूस मिळेनासा झाला. त्यांची नजर हिंदुस्थानाकडे वळली. वऱ्हाडच्या कापसाला कधी नव्हे ते मोल आले, आणि तो कापूस ज्या बंदरातून जाई त्या मुंबईत पैशाचा पूर लोटला. या पैशाचे करावयाचे काय? नव्या बँका निघाल्या, समुद्र हटवून जमीन काढणाऱ्या कंपन्या निघाल्या. बँका शेअर तारण घेऊन कर्ज देत आणि त्या कर्जातून लोक आणखी शेअर घेत. भाव वाढला म्हणून कर्ज मिळे, व कर्ज मिळाले म्हणून भाव वाढे. प्रेमचंद रायचंद हे या खेळातील सर्वांत मोठे नाव. बँक ऑफ बॉम्बेचा ५०० रुपयांचा शेअर २,८५० रुपयांपर्यंत चढला.

१८६५ च्या एप्रिलात जनरल ली शरण गेला, युद्ध संपले आणि कापसाचा भाव कोसळला. १ जुलै १८६५ हा वायदे चुकते करण्याचा दिवस होता. त्या दिवशी मोठमोठ्यांची दिवाळी निघाली. २,८५० चा तो शेअर पुढे ८७ रुपयांवर आला, आणि १८६८ साली ती बँकही मोडली.

आता या गोष्टीचा उत्तरार्ध पाहा. मुंबईत मंदी असतानाच, १८६७ साली, आपल्या भागातून जाणारी रेल्वे नागपूरला पोचली. १८७० साली जलंबपासून खामगावपर्यंत ८ मैलांचा फाटा सुरू झाला आणि खामगाव हिंदुस्थानातील कापसाच्या मोठ्या पेठांत गणले जाऊ लागले. तेजी गेली, तरी जगाची कापडाची गरज गेली नव्हती. म्हणून काळी जमीन राहिली, रेल्वे राहिली, पेठ राहिली. नाहीसे झाले ते केवळ उसन्या पैशावर फुगलेले भाव.

यावरून दोन गोष्टी ध्यानात येतात. पहिली ही की, भाव निराळा आणि मोल निराळे. शेअर म्हणजे एखाद्या धंद्यातील वाटा. त्याचे मोल त्या धंद्याच्या नफ्यावर ठरते, शेजाऱ्याच्या उत्साहावर नव्हे. दुसरी ही की, नुसता धीर पुरत नाही. बुडत्या बँकेचा शेअर कितीही धीराने धरून ठेवला असता, तरी बुडालाच असता. म्हणून सारे एकाच कंपनीत घालू नये. पुष्कळ धंद्यांत वाटून ठेवावे.

धीराचे फळ केव्हा मिळते हेही पाहू. मुंबईचा सेन्सेक्स निर्देशांक जानेवारी २००८ मध्ये २१ हजारांवर पोचला होता. मार्च २००९ मध्ये तो ८ हजारांच्या आसपास आला. घाबरून ज्यांनी तेव्हा विकले, त्यांचा तोटा कायमचा झाला. पण ऐन शिखरावर निर्देशांकातील सर्व कंपन्यांत थोडेथोडे घातलेले पैसेही, २०२४ साली निर्देशांक ८० हजारांवर गेला तेव्हा, जवळजवळ चौपट दिसले. मात्र मूळ रक्कम पुन्हा दिसावयास मध्ये काही वर्षे थांबावे लागले. ज्याला थांबता आले त्यालाच ते मिळाले.

आणि थांबता कोणाला येते? ज्याचा तो पैसा उद्याच्या कामाचा नाही, त्याला. पुढच्या मृगाच्या बियाण्याचा, मुलीच्या लग्नाचा, दवाखान्याचा पैसा बाजारात घालू नये. तो बँकेत वा पोस्टातच बरा. कर्ज काढून तर मुळीच घालू नये, कारण १८६५ साली माणसे बुडाली ती मंदीपेक्षा मुदतीच्या देण्याने. उरलेल्यातून दरवर्षी, भाव चढा असो वा उतरता, ठरावीक रक्कम घालीत जावी. म्हणजे मंदीत त्याच रकमेत अधिक वाटे पदरी पडतात.

आपल्याकडे शेतकरी दुष्काळाच्या सालीही बियाणे मोडून खात नाही. तोच नियम पैशालाही लावावा, एवढेच सांगावयाचे आहे.