सोनेगावला उतरलेले विमान

११ ऑक्टोबर १९५६ च्या सकाळी दिल्लीहून आलेल्या विमानातून डॉ. बाबासाहेब आंबेडकर नागपुरात उतरले. सोबत पत्नी माईसाहेब होत्या आणि सचिव नानकचंद रत्तू. मधुमेहाने शरीर पोखरले होते, पायांचा भरवसा राहिला नव्हता. मुक्काम सीताबर्डीवरच्या श्याम हॉटेलात. तीन दिवसांनी, अशोक विजयादशमीला, त्यांनी कुशीनाराच्या भदंत चंद्रमणींकडून धम्मदीक्षा घेतली आणि मग समोरच्या लाखोंच्या समुदायाला स्वतः दीक्षा दिली. पुढचे सगळे ठाऊक असते. विमानाकडे मात्र आपले लक्ष जात नाही.

सोनेगावच्या या विमानतळाला २००५ पासून बाबासाहेबांचे नाव आहे आणि त्याला खेटून दक्षिणेला मिहान हा मालवाहतूक आणि उद्योगांचा प्रकल्प पसरला आहे. नागपूर देशाच्या मध्यावर, म्हणून माल इथे उतरवावा, इथूनच चहूकडे पाठवावा, ही त्यामागची मूळ कल्पना. ती तशी जुनीच. १९४९ पासून रात्रीच्या टपालाची विमाने दिल्ली, मुंबई, कलकत्ता आणि मद्रासहून निघून मध्यरात्री सोनेगावला एकत्र येत, थैल्यांची अदलाबदल करत आणि उजाडायच्या आत परत जात. पुढे मिहान उभारण्यासाठी २००२ मध्ये महाराष्ट्र विमानतळ विकास कंपनी स्थापन झाली. शिवणगाव, तेल्हारा, खापरी, कलकुही, दहेगाव अशा गावांची चार हजार हेक्टरांहून अधिक जमीन या प्रकल्पाच्या आराखड्यात आली. आज तिथे विशेष आर्थिक क्षेत्र आहे, सॉफ्टवेअर कंपन्या आहेत, विमानांच्या दुरुस्तीचा तळ आहे, एम्स आहे.

मेट्रोच्या नारिंगी मार्गिकेवर सीताबर्डीहून खापरीला निघालात, तर बाबासाहेबांचे नागपूर एका तिकिटात दिसते. सीताबर्डी म्हणजे श्याम हॉटेल. रहाटे कॉलनीला उतरले की दीक्षेची जागा, दीक्षाभूमी, जवळ. मग विमानतळ आणि शेवटी खापरी, म्हणजे मिहानचे दार. या लेखासाठी मी तो प्रवास पुन्हा केला आणि एक गोष्ट मनात पक्की झाली. घटनाकार आणि धम्मप्रवर्तक या दोन रूपांत आपण बाबासाहेबांना ओळखतो. जमीन, वीज, कारखाना आणि कामाचे तास यांचा आयुष्यभर विचार करणारा राष्ट्रनिर्माता या दोन रूपांच्या मागे झाकला गेला आहे. मिहानच्या दारात उभे राहून आठवावा तो हा तिसरा माणूस.

त्याची सुरुवात १९१८ मध्ये सापडते. कोलंबियाहून परतलेल्या, सत्तावीस वर्षांच्या आंबेडकरांनी भारतातील लहान शेतजमिनी आणि त्यांवरील उपाय यांवर एक निबंध लिहिला. जमिनीचे तुकडे पडतात म्हणून शेती तोट्यात जाते, तेव्हा तुकडे जोडा, असे त्या काळी जाणकार सांगत. आंबेडकरांनी प्रश्नाची बाजूच बदलली. धारण लहान की मोठी हे एकरांवरून ठरत नाही, जमिनीला भांडवल आणि अवजारांची जोड किती मिळते त्यावर ठरते, असे त्यांनी दाखवले. रोग वेगळाच आहे, शेतीवर गरजेपेक्षा जास्त माणसे अडकून पडली आहेत. ती खातात, पण त्यांच्या हातांना काम नाही. त्यांना शेतीबाहेर काढायचे तर देशाने उद्योग उभारले पाहिजेत. शेतीचा इलाज शेतीबाहेर शोधणारा हा निबंध मला आजही ताजा वाटतो. ज्याने विदर्भातल्या दोन-तीन एकर कोरडवाहू कापसावर चार भावांचा संसार पाहिला असेल, त्याला तो वेगळा समजावून सांगावा लागत नाही.

बाकीचे चरित्र मराठी वाचकाला पाठ आहे. १४ एप्रिल १८९१ ला महूला जन्म, सुभेदार रामजींचे घर, साताऱ्याची शाळा, एल्फिन्स्टन कॉलेज, सयाजीराव महाराजांची शिष्यवृत्ती, कोलंबिया, लंडन. महाडचा सत्याग्रह १९२७ चा, पुणे करार १९३२ चा. ते इथे पुन्हा सांगत नाही. नागपुरात काय घडले ते मात्र सांगायला हवे, कारण त्यांच्या राजकीय विचाराची वळणे याच शहरात एकामागून एक लागली आहेत.

पहिले वळण मे १९२० चे. अखिल भारतीय बहिष्कृत परिषद नागपुरात भरली, अध्यक्ष होते राजर्षी शाहू महाराज. अस्पृश्यांचे प्रतिनिधी इतरांनी नेमू नयेत, ते अस्पृश्यांनीच निवडावेत, ही भूमिका आंबेडकरांनी तिथे जोरकसपणे मांडली. दुसरे ऑगस्ट १९३० चे. पहिल्या गोलमेज परिषदेला जाण्याआधी नागपूरच्या दलित वर्ग परिषदेचे ते अध्यक्ष होते. इंग्रजांनी तुमच्यासाठी विहिरी उघडल्या का, देवळे उघडली का, असे त्यांनी श्रोत्यांना विचारले. तुमचे दुःख तुमच्याइतके कोणी दूर करू शकत नाही आणि राजकीय सत्ता हाती आल्याखेरीज तुम्हालाही ते जमणार नाही, म्हणून स्वराज्य हवे, असा तो युक्तिवाद होता. त्यांना इंग्रजधार्जिणे म्हणणाऱ्यांनी हे भाषण वाचलेले नसते.

तिसरे वळण जुलै १९४२ चे, आणि माझ्या मते सर्वांत मोठे. मोहन पार्कात एन. शिवराज यांच्या अध्यक्षतेखाली परिषद भरली आणि शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनचा जन्म झाला. महिलांची परिषद वेगळी भरली. समाजाची प्रगती मी स्त्रियांच्या प्रगतीवरून मोजतो, असे बाबासाहेबांनी तिथे सांगितले. अस्पृश्यांसाठी सरकारने स्वतंत्र गावे वसवावीत असाही ठराव परिषदेने केला. हा ठराव आज चमत्कारिक वाटेल. पण गावाच्या हद्दीबाहेर राहायचे, गावाच्या मर्जीने पाणी भरायचे आणि गावाच्याच शेतात राबायचे, हे ज्यांच्या वाट्याला आले, त्यांना जमीन म्हणजे सुटकेचा पहिला अर्थ होता. घटना समितीत ४ नोव्हेंबर १९४८ रोजी बाबासाहेबांनी भारतीय खेड्याला संकुचितपणाचे आणि अज्ञानाचे घर ठरवले, तेव्हा अनेक सदस्य दुखावले. त्या वाक्यामागे हा अनुभव होता.

नागपूरची परिषद झाली त्याच महिन्यात ते व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे सदस्य झाले. इथे तो तिसरा माणूस कामाला लागलेला दिसतो. पूर्वतयारी झालेली होती. मुंबईच्या गिरण्यांत विणकाम खात्यात अस्पृश्यांना घेत नसत, कारण तुटलेला धागा तोंडात ओला करून जोडावा लागे आणि त्या धाग्याचा विटाळ होई. १९२८ च्या संपात सगळे कामगारांच्या एकजुटीच्या घोषणा देत होते, तेव्हा आंबेडकरांनी हे दार उघडण्याची मागणी लावून धरली. १९३६ मध्ये त्यांनी स्वतंत्र मजूर पक्ष काढला, पुढच्या वर्षी खोती रद्द करण्याचे विधेयक मांडले. फेब्रुवारी १९३८ मध्ये मनमाडला रेल्वे कामगारांपुढे त्यांनी ब्राह्मण्य आणि भांडवलशाही हे कामगारांचे दोन शत्रू असल्याचे सांगितले. त्याच वर्षी ७ नोव्हेंबरला औद्योगिक कलह विधेयकाविरुद्ध कम्युनिस्टांच्या बरोबरीने संप पुकारला. संपाचा हक्क हे स्वातंत्र्याचेच दुसरे नाव आहे, ही त्यांची त्या वेळची भूमिका. जात आणि वर्ग यांपैकी एकच निवडा, असे त्यांना सांगणारे तेव्हाही होते. त्यांनी दोन्ही एकत्र धरले. मला यात त्यांचे सर्वांत मोठे राजकीय धाडस दिसते.

मजूर खात्याच्या चार वर्षांत सरकार, मालक आणि कामगार यांना एका टेबलाशी बसवणारी त्रिपक्षीय परिषद रुजली. पगारी रजा कायद्यात आली. १९४६ च्या दुरुस्तीने कारखान्यातला कामाचा आठवडा ५४ तासांवरून ४८ तासांवर आला. संघटनेला मान्यता देणे मालकांवर बंधनकारक करणारे विधेयक त्यांनी १९४३ मध्ये मांडले. युद्धकाळात कोळशाच्या खाणीत स्त्रियांनी भूगर्भात काम करण्यावरची बंदी सरकारने उठवली, तेव्हा सभागृहात तिचे समर्थनही त्यांनाच करावे लागले. समान कामाला समान वेतनाचे तत्त्व त्यांनी त्यासोबत मांडले आणि १९४६ मध्ये बंदी पुन्हा लागू झाली. तरीही तो निर्णय मला आजही सलतो, आणि त्यांच्याबद्दल आदर असणाऱ्याने तो लपवू नये असे वाटते.

पाणी आणि वीज ही खातीही त्यांच्याकडे होती. दामोदर खोऱ्याच्या योजनेची आखणी त्यांच्या काळात झाली. १९४३ मध्ये विजेच्या धोरणावर बोलताना त्यांनी साखळीच मांडली: गरिबीच्या चक्रातून लोकांना बाहेर काढायचे तर उद्योग हवेत, उद्योगांना वीज हवी, आणि ती स्वस्त नि मुबलक हवी. १९१८ चा निबंध इथे धोरण होऊन समोर येतो. शेतीवरचा भार उतरवायचा होता, आता तो उचलणारे यंत्र उभारण्याची वेळ होती.

म्हणून मी म्हणतो की मिहान पाहून बाबासाहेबांच्या कपाळावर आठी पडली नसती. शेतजमिनीवर कारखाना आला म्हणून ते हळहळले नसते, गाव उठले म्हणून त्यांनी शोकगीत गायले नसते. त्यांनी प्रश्न विचारले असते आणि ते मार्च १९४७ मध्ये लिहून ठेवले आहेत. ‘स्टेट्स अँड मायनॉरिटीज’ हे फेडरेशनच्या वतीने घटना समितीसाठी तयार केलेले निवेदन. पायाभूत उद्योग राज्याच्या मालकीचे, विमा राज्याचा, शेती हा राज्याचा उद्योग. जमीन घेताना मालकाला कर्जरोखे द्यायचे, ते वारसाहक्काने पुढे जातील. मग त्या जमिनीची योग्य आकाराची शेते पाडून ती गावकऱ्यांना जातपात न पाहता सामूहिकपणे कसायला द्यायची. जमीनदार राहू नये, कूळ राहू नये आणि भूमिहीन मजूरही राहू नये.

‘भूमिहीन मजूर’ या शब्दांपाशी मी थबकतो. मिहानच्या भूसंपादनात मोबदला आणि पुनर्वसन यांवरून वर्षानुवर्षे वाद झाले, मोर्चे निघाले. ते प्रामुख्याने सातबाऱ्यावर नाव असणाऱ्यांचे. पण त्याच शेतांत निंदायला, कापूस वेचायला जाणाऱ्या बाईचे नाव सातबाऱ्यावर नसते. शेत गेले की मालकाला पैसे मिळतात, तिची रोजी जाते आणि कोणत्याही रकान्यात त्याची नोंद होत नाही. भूसंपादनाच्या २०१३ च्या कायद्याने अशा उपजीविका गमावणाऱ्यांनाही बाधित कुटुंबांत धरले. बाबासाहेबांच्या निवेदनात हा मजूर त्याआधी सहासष्ट वर्षे हजर होता.

त्याच निवेदनात आणखी एक परिच्छेद आहे. बेकार माणसाला विचारा, मूलभूत हक्कांचा तुला काय उपयोग? तासांचे बंधन नसलेली, संघटनेत जायची मनाई असलेली, कशीबशी मजुरी देणारी नोकरी एका पारड्यात ठेवा आणि दुसऱ्यात भाषण, संघटना नि धर्माचे स्वातंत्र्य. तो काय उचलेल, याबद्दल शंका आहे का? भुकेची भीती माणसाला हक्क विकायला लावते, आणि मग खासगी मालकच त्याच्यावर राज्य करू लागतो, असा तो विचार आहे. कंत्राटी नोकरीच्या मुलाखतीला विदर्भातून येणाऱ्या प्रत्येक मुलामुलीचा हा प्रश्न आहे.

हे निवेदन घटनेत उतरले नाही. २९ ऑगस्ट १९४७ ला नेमलेल्या मसुदा समितीचे ते अध्यक्ष झाले, पण समितीला घटना समितीच्या निर्णयांच्या चौकटीत काम करायचे होते. राज्य समाजवाद बाहेर राहिला. त्यातले काही मार्गदर्शक तत्त्वांत आले, म्हणजे न्यायालयात मागता येणार नाही अशा भागात. २५ नोव्हेंबर १९४९ च्या भाषणात त्यांनी ही फट उघडी करून दाखवली: राजकारणात एका माणसाला एक मत मिळेल, समाजात आणि अर्थकारणात विषमता तशीच राहील, आणि ही विसंगती लवकर संपवली नाही तर जिला ती भोगावी लागते ती जनता सगळी इमारत उडवून देईल. मालमत्तेच्या कलम ३१ विषयी तर ते १९५५ मध्ये राज्यसभेत उघड बोलले. ते कलम आपल्या समितीचे नाही, त्याकडे पाहावेसेही वाटत नाही, असे घटनेचा शिल्पकारच सांगत होता.

आता नागपूरकरांना जिव्हाळ्याचा एक धागा. १९५५ च्या भाषावार राज्यांवरील पुस्तकात त्यांनी मराठी मुलखाची चार राज्ये सुचवली: मुंबई शहर, पश्चिम, मध्य आणि पूर्व. पूर्व म्हणजे आपला विदर्भ. सात वर्षांपूर्वी दार आयोगापुढे त्यांनी एकच महाराष्ट्र मागितला होता. मत बदलल्याचे त्यांनी लपवले नाही. मागे पडलेल्या भागाचा आवाज मोठ्या राज्यात दबतो आणि अल्पसंख्याकालाही मोठ्या राज्यातच बहुसंख्येचा जाच अधिक होतो, असे त्यांचे म्हणणे होते. ते सोनेगावला उतरले तेव्हा नागपूर मध्य प्रदेशाची राजधानी होते. दीक्षेनंतर अठराव्या दिवशी, १ नोव्हेंबर १९५६ ला, हे शहर द्वैभाषिक मुंबई राज्यात गेले आणि राजधानीपण संपले. मिहानकडे विदर्भाने इतक्या आशेने पाहिले, त्यामागे हा रिकामेपणाही आहे.

६ डिसेंबर १९५६ ला बाबासाहेब गेले. त्यांनी मनात धरलेला रिपब्लिकन पक्ष ३ ऑक्टोबर १९५७ रोजी नागपुरातच स्थापन झाला.

दरवर्षी अशोक विजयादशमीला दीक्षाभूमीवर पुस्तकांच्या राहुट्या लागतात. गावाकडून आलेली माणसे पिशव्या भरून पुस्तके नेतात. यंदा तिथून ‘स्टेट्स अँड मायनॉरिटीज’ची पातळशी प्रत घेतली आणि रहाटे कॉलनीहून खापरीची गाडी पकडली. डब्यात गळ्यात ओळखपत्र अडकवलेली मुलेमुली होती, कोणी दुसऱ्या पाळीला निघालेली. विमानतळाच्या स्थानकावर गाडी थांबली तेव्हा मी त्या योजनेच्या अखेरच्या अटीवर होतो. ही व्यवस्था घटनेतच लिहावी, म्हणजे बदलत्या बहुमताला ती सहजासहजी मोडता येणार नाही, असे बाबासाहेबांनी म्हटले आहे. मुदतही घातली आहे: घटना अमलात आल्यापासून जास्तीत जास्त दहा वर्षे. म्हणजे २६ जानेवारी १९६०.