स्टेजवर बोलताना आवाज कोणाचा?

लॅबमध्ये तुम्ही छान बोलता आणि स्टेजवर गेलात की आवाज एकदम टेड टॉकवाल्यांसारखा होतो, असं होतं का? भारतात शाळा झाली असेल, तर वक्तृत्व स्पर्धेतला 'आदरणीय व्यासपीठ'वाला चढा सूरही आत कुठेतरी असतो. दोन्ही उसनेच.

आयर्लंडमधलंच उदाहरण घेऊ. १७ मार्च २०२०, सेंट पॅट्रिक्स डे. परेड रद्द झालेली आणि पंतप्रधान लिओ वराडकर टीव्हीवर कोविडबद्दल बोलतायत. वडिलांकडून ते आपल्या मालवण तालुक्यातल्या वराड गावचे. फर्डे वक्ते म्हणाल तर मुळीच नाहीत, पण शिक्षणाने डॉक्टर. भाषणाचा मोठा भाग डॉक्टर पेशंटशी बोलतो तसा आहे: पुढे काय होणार, वयस्करांना बराच काळ घरात राहावं लागेल, त्याला 'ककूनिंग' म्हणतात, ते जड जाणार. मग ते सांगतात की माझा पार्टनर, दोन्ही बहिणी आणि त्यांचे नवरे आरोग्यसेवेत आहेत आणि त्यांनाही धास्ती वाटतेय. आवाज चढवावाच लागत नाही. त्याच भाषणात चर्चिलच्या प्रसिद्ध वाक्यावर बेतलेली एक ओळ आहे. मला तरी ती दुसऱ्याचा कोट अंगात घातल्यासारखी वाटते.

आता तुमचं बघू. तुमचं संशोधन मावशीला फोनवर मराठीत समजावून सांगा आणि स्वतःचा आवाज रेकॉर्ड करा. मग तेच इंग्रजीत. दोन्ही लागोपाठ ऐका (स्वतःचा आवाज ऐकणं नकोसं वाटतं, पण ऐका). मराठीत तुम्ही कदाचित मध्येच 'आता असं का होतं?' असं विचारता, थांबता, घरातलं उदाहरण देता. इंग्रजीत यातलं काय गळलं? तेवढंच परत आणा. उच्चार आयरिश करायच्या फंदात पडू नका, वेग मात्र कमी करा.

आणि तयारी नको असं कोणी म्हटलं तर ऐकू नका. नारदीय कीर्तनात पूर्वरंग, मग उत्तररंग, हा साचा ठरलेला असतो. त्या चौकटीत बुवा समोरचे लोक बघून बोलतात. 'थ्री मिनिट थीसिस'सारख्या स्पर्धेत तर तीन मिनिटं आणि एकच स्लाइड मिळते. तिथे मुद्द्यांचा क्रम, पहिलं वाक्य आणि शेवटचं वाक्य पक्कं करा. मधलं पाठ करू नका, दहा वेळा वेगवेगळ्या माणसांना सांगा.